इंच मोजले, भिंत मोजली का?

दसरा-दिवाळीच्या सुमारास शहरांतल्या सोसायट्यांमध्ये एक दृश्य हमखास दिसते. लिफ्टमध्ये न मावणारे भलेमोठे खोके दोन माणसे जिन्यावरून वर नेत असतात आणि मागून घरातले सगळे ‘जपून, जपून’ करीत चालत असतात. त्या खोक्यातला टीव्ही किती इंची घ्यायचा, यावर घरात महिनाभर खल झालेला असतो. ४३ की ५५, ५५ की ६५, हप्ता किती बसेल, शेजाऱ्यांकडे केवढा आहे. मग दुकानातून पाठवलेला मुलगा ड्रिल घेऊन येतो आणि विचारतो, ‘कुठे लावू?’ या प्रश्नावर मात्र कोणी विचार केलेला नसतो. बिल्डरने जिथे विजेचा पॉइंट दिला आहे तिथे, किंवा शोकेसच्या वर जी जागा मोकळी आहे तिथे, दहा मिनिटांत चार भोके पडतात. भिंतीला भोक पाडायचे नसेल तर टीव्ही त्याच्या दोन पायांवर टेबलावर उभा राहतो. पुढची आठ-दहा वर्षे घरातल्यांच्या माना, डोळे आणि रांगत्या मुलांची डोकी यांचे काय होणार, यातले बरेचसे त्या दहा मिनिटांत ठरून जाते.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे टीव्ही अंगावर पडून मुलांना होणारी इजा. आपल्याकडे याविषयी फारसे बोलले जात नाही, कारण अशा इजांची वेगळी मोजदाद होत नाही. केसपेपरवर ‘डोक्यास मार’ एवढेच लिहिले जाते आणि डोक्यावर काय पडले हा तपशील तिथेच विरून जातो. घरातल्या कोणत्या वस्तूमुळे किती माणसे जखमी होतात, हे रुग्णालयांच्या नोंदींतून सातत्याने वेगळे काढणारी देशव्यापी यंत्रणा आपल्याकडे नाही. अमेरिकेत ती आहे. तिच्या आधारे तिथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात १९९० ते २०११ या काळाचा हिशेब मांडला. या २२ वर्षांत टीव्हीमुळे जखमी होऊन अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या मुलांची संख्या सुमारे ३ लाख ८१ हजार निघाली, म्हणजे वर्षाला सरासरी १७ हजारांच्या वर. निम्म्याहून अधिक प्रकरणांत टीव्ही मुलाच्या अंगावर पडला होता. जखमींपैकी सुमारे ६४ टक्के मुले पाच वर्षांखालची होती. आणि सपाट, हलके टीव्ही बाजारात आले त्याच काळात, टीव्ही अंगावर पडून होणाऱ्या इजांचे प्रमाण कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले.

हे उलटे कसे झाले? अभ्यासकांनी सुचवलेले एक कारण आपल्याकडच्या कोणत्याही घरात पाहायला मिळेल. नवा टीव्ही हॉलमध्ये येतो तेव्हा जुना चालू अवस्थेतला संच टाकून देववत नाही. तो आतल्या खोलीत, कपड्यांच्या खणांच्या कपाटावर जातो. हे कपाट टीव्ही ठेवण्यासाठी बनवलेले नसते. त्याचे खण मात्र दोन वर्षांच्या मुलासाठी उत्तम शिडी असतात. खालचा खण ओढला, त्यावर पाय दिला, वरचा ओढला, की कपाटाचा तोल पुढे येतो आणि वरचा संच सरकतो. जुने काचेच्या नळीचे टीव्ही तर पुढच्या बाजूलाच जड असत. काच आणि पडदा पुढे, मागे पोकळ खोके, त्यामुळे ते तोंडावर पडण्यासाठीच बनवल्यासारखे होते. नव्या सपाट संचांचे वजन कमी असले तरी त्यांची अडचण वेगळी आहे. चार फूट रुंद पडदा पाच-सात सेंटीमीटर जाडीचा असतो आणि पुढे-मागे वीतभर लांबीच्या दोन पायांवर उभा असतो. वरच्या कडेला हात घालून मुलाने ओढले, रिमोट मागे पडला म्हणून कोणी संच पुढे सरकवला, किंवा मागची वायर पायात अडकली, तर त्याला सावरणारे काही नसते.

५५ इंची टीव्ही साधारण १५ किलोंचा असतो. दोन वर्षांचे मूल ११-१२ किलोंचे. म्हणजे स्वतःपेक्षा जड वस्तू त्या मुलाच्या डोक्यावर येते. या वयात डोके शरीराच्या उंचीच्या साधारण एक पंचमांश असते, तर मोठ्या माणसात ते सातवा-आठवा भाग. मान अजून कोवळी, कवटीचे हाड पातळ, आणि मूल टीव्हीकडे तोंड करून उभे असल्यामुळे हात पुढे करून वाचण्याची संधीही मिळत नाही. ते मागे उताणे पडते आणि डोके फरशी व संच यांच्या मधे सापडते.

अशा अपघातानंतर घरात काय होते, हे अपघात विभागात काम करणाऱ्या कोणालाही पाठ असते. मूल जोरात रडते, टेंगूळ येते, आजी हळद लावते, अर्ध्या तासाने मूल खेळायला लागते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. इथेच फसगत होते. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्या मधली रक्तवाहिनी फाटली असेल तर रक्त हळूहळू साचते. सुरुवातीला मूल शुद्धीवर असते, बोलते, खाते. काही वेळाने त्याला झोप येऊ लागते. घरच्यांना वाटते, रडून दमले, झोपू दे. त्या झोपेतच मेंदूवरचा दाब वाढत जातो.

त्यामुळे टीव्ही किंवा कपाट अंगावर पडलेल्या मुलाला, ते कितीही ठीक दिसत असले तरी, रुग्णालयात दाखवलेच पाहिजे. एक-दोन फुटांच्या पलंगावरून पडणे आणि १५ किलोंचे वजन अंगावर येणे यांत फरक आहे. उलट्या होत असतील, मूल उठवूनही नीट जागे होत नसेल, झटका आला असेल, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येत असेल, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील, तर एक मिनिटही घालवू नये. १०८ वर फोन करावा. कांदा हुंगवणे, पाणी पाजणे, गदगदा हलवून जागे करणे यांतले काहीही करू नये. मान वाकडी न होऊ देता मुलाला सरळ ठेवावे. छाती किंवा पोट संचाखाली दबले असेल तर वरून खूण दिसली नाही तरी आत इजा असू शकते, म्हणून नेमके काय घडले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ‘पडला’ आणि ‘त्याच्यावर पडले’ या दोन शब्दांवर पुढची तपासणी बदलते.

हे सगळे टाळायला काय लागते? टीव्ही भिंतीला पक्का बसवणे. तेवढ्याने धोक्याचा मोठा भाग संपतो. ज्यांना तो बसवता येत नाही त्यांच्यासाठी पट्ट्याचा उपाय आहे. संचाच्या मागे जी चार भोके असतात, त्यांतल्या दोहोंत बांधायचा मजबूत पट्टा मिळतो. त्याचे दुसरे टोक भिंतीत किंवा, तेही शक्य नसेल तर, खालच्या जड टेबलाच्या मागच्या बाजूला स्क्रूने बसवायचे. खणांचे कपाटही भिंतीला पट्टीने जखडता येते. अमेरिकेत अशा अपघातांमुळेच कपड्यांच्या खणांची कपाटे सहज कलंडू नयेत यासाठी २०२२ च्या अखेरीस कायदा झाला. आपल्याकडे तेवढी वाट पाहण्याची गरज नाही. पट्ट्याची किंमत टीव्हीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

इथे भाडेकरूंचा प्रश्न येतो आणि तो खरा आहे. पुण्या-मुंबईतल्या भाडेकरारांत ‘भिंतीला खिळे-भोके चालणार नाहीत’ ही अट सर्रास असते. अनामत रकमेतून पैसे कापले जाण्याच्या भीतीने तरुण जोडपी ५५ इंची टीव्ही पातळ टेबलावर उभा ठेवतात, आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच घरात मूल रांगू लागते. चार भोके बुजवायला थोडे पुट्टीचे काम लागते. घरमालकांनी किमान टीव्हीपुरती ही अट सोडावी, किंवा स्वतःच एकदा योग्य जागी पक्की चौकट बसवून द्यावी. सोसायट्यांनीही याला आडकाठी करू नये.

भिंत कशाची आहे, हे विचारल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नये. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर प्लग आणि जाड स्क्रू चांगले धरतात. मात्र नव्या इमारतींत आतल्या भिंती अनेकदा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्यांत साध्या प्लास्टिकच्या प्लगची पकड ढिली राहते. त्यांच्यासाठी वेगळे, लांब प्लग किंवा रसायन भरून बसवायचे बोल्ट लागतात. इंटिरिअरवाल्याने भिंतीपुढे उभे केलेले प्लायवूडचे दिमाखदार पॅनल तर फसवेच असते. स्क्रू प्लायमध्ये गेला की काम झाले असे वाटते, पण ते पॅनल भिंतीला कशाने धरले आहे हे कोणालाच माहीत नसते. स्क्रू प्लाय ओलांडून मागच्या भिंतीत गेलाच पाहिजे. टीव्ही भिंतीपासून पुढे ओढून वळवता येणारी हाताची चौकट असेल तर काळजी दुप्पट घ्यावी, कारण संच जितका पुढे येतो तितका वरच्या स्क्रूंवर ताण वाढतो.

मुले परदेशी असलेल्या घरांतल्या आजी-आजोबांनीही हे लक्षात ठेवलेले बरे. अमेरिकेतल्या अनेक घरांत तळघर म्हणजे बेसमेंट हेच टीव्हीचे आणि नातवंडांच्या खेळण्याचे ठिकाण असते. तिथल्या भिंतींवर बहुधा जिप्समचा पातळ पत्रा असतो आणि आत साधारण १६ इंचांवर उभ्या लाकडी पट्ट्या. मोठा टीव्ही या पट्ट्यांतच बसवावा लागतो. नुसत्या पत्र्यात मारलेला स्क्रू कालांतराने भिंतीचा तुकडा घेऊन बाहेर येतो. नातवंडे सांभाळायला गेलेल्यांनी पहिल्याच दिवशी टीव्ही हाताने हळूच हलवून पाहावा. यात आगाऊपणा काही नाही.

भिंतीत चालू वायर किंवा नळ कुठून गेला आहे, हेही आधी पाहावे. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल टाळावे. मागच्या बाजूला बाथरूम असेल तर जास्तच सांभाळावे. आणि टीव्ही उंचावर टांगून त्याची वायर लोंबत खाली सोडली तर मुलाला ओढायला दोरीच मिळते. ती पट्टीत बंद करावी.

आता उंची. टीव्ही बसवणारा उभा असतो, घरातले सगळे उभे असतात, आणि ‘एवढ्यावर बरे दिसते’ असे ठरते. पाहायचे मात्र बसून असते. सोफ्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. खाली सतरंजीवर बसले तर अडीच फुटांवर. ५५ इंची पडदा सव्वादोन फूट उंच असतो. त्याचा मध्य साडेतीन फुटांवर हवा असेल तर खालची कड जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर येते. बहुतेक घरांत ती साडेचार फुटांवर असते. आठ फुटांवरून पाहणाऱ्याला मग पडद्याच्या मध्याकडे पाहायला नजर सुमारे १५ अंश वर न्यावी लागते आणि वरच्या कडेसाठी २० अंशांहून अधिक. डोळ्यांची विश्रांतीची नजर समोर आणि किंचित खाली असते, वर नव्हे. खाली बसून जेवताना टीव्ही पाहणाऱ्या घरात तर हा कोन आणखी वाढतो.

तरुण मान हे दोन-तीन तास सोसते. साठीच्या पुढे गोष्ट वेगळी. मानेच्या मणक्यांची झीज असलेल्या माणसाने मान मागे टाकून रोज संध्याकाळच्या मालिका पाहिल्या तर खांद्यात, दंडात कळा येतात आणि तो दोष उशीला देतो. अंतर्कर्णातले सूक्ष्म कण जागचे हलल्यामुळे ज्यांना भोवळीचा त्रास होतो, त्यांना वर पाहताना ती हटकून येते. दुहेरी चष्मा वापरणारे आजोबा दिवाणावर लोळून टीव्ही पाहतात तेव्हा हनुवटी छातीला टेकते, नजर काचेच्या खालच्या, म्हणजे वाचायच्या भागातून जाते आणि चित्र पुसट दिसते. ‘नवा टीव्ही धूसरच आहे’ ही तक्रार पुष्कळदा अशी असते.

‘खाली लावला तर मुले हात लावतील, चेंडू लागेल’ हा आक्षेप प्रत्येक घरात येतो. त्यात तथ्य आहे. पण नीट जखडलेल्या टीव्हीला मुलाने हात लावला तर फार तर बोटांचे ठसे उमटतील. चेंडू लागला तर पडदा फुटेल आणि पैसे जातील. मानदुखीचे पैसेही जातातच, फक्त ते हप्त्याहप्त्याने जातात. घरातली सगळी माणसे नेहमीच्या जागी बसवावीत, भिंतीवर कागद चिकटवून पडद्याचा आकार पाहावा आणि मगच खूण करावी. पाच मिनिटांचे काम आहे. विजेचा पॉइंट वेगळ्या उंचीवर असेल तर वायरमनला बोलावून तो हलवावा. बिल्डर लोकांनी पॉइंट मुळातच योग्य उंचीवर दिले तर बरे होईल.

मोठा पडदा डोळ्यांना वाईट का? नाही, वाईट असतो तो खोलीला न झेपणारा पडदा. पडदा नजरेच्या साधारण ३० अंशांत मावावा, हा सिनेमाच्या तंत्रज्ञांचा जुना हिशेब घरालाही लागू पडतो. पडद्याच्या कर्णाच्या दीडपटीहून थोडे अधिक अंतर, असा त्याचा सोपा अर्थ. ५५ इंचीला सव्वासात-साडेसात फूट, ६५ इंचीला पावणेनऊ, ७५ इंचीला दहा. हॉल बारा फुटी आहे म्हणजे अंतर बारा फूट होत नाही. सोफ्याची खोली, टीव्हीखालचे कपाट वजा जाता डोळे आठ-नऊ फुटांवरच असतात. दुकानातला आणखी एक आग्रह तपासून घेण्याजोगा आहे. ‘फोर-के’ पडद्याचे ठिपके इतके बारीक असतात की निरोगी डोळ्याला ५५ इंचीवर ते वेगळे ओळखायला तीन-साडेतीन फुटांपर्यंत जवळ जावे लागेल. आठ फुटांवरून साध्या फुल-एचडीपेक्षा त्यात फार फरक दिसत नाही.

‘टीव्ही जवळून पाहिला की डोळे जातात’ या समजुतीला एक इतिहास आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत काही रंगीत संचांतून ठरलेल्या मर्यादेहून अधिक क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले आणि ते परत मागवावे लागले. त्या नळीचा जमाना गेला. आजच्या सपाट पडद्यांतून क्ष-किरण निघत नाहीत. मूल टीव्हीला चिकटून बसत असेल तर टीव्ही त्याचे डोळे बिघडवतो आहे असे नव्हे. त्याला दूरचे आधीच कमी दिसत असण्याची शक्यता आहे. त्याला रागावून मागे बसवण्याऐवजी डोळे तपासून घ्यावेत. खरे तर आठ फुटांवरच्या टीव्हीपेक्षा वीतभर अंतरावरच्या मोबाइलने डोळ्यांच्या स्नायूंवर कितीतरी अधिक ताण येतो. डोळे चुरचुरण्याचे कारण वेगळे: टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळा कोरडा पडतो, त्यात एसीचा झोत तोंडावर असेल तर अधिकच. खोली पूर्ण अंधारी ठेवू नये, टीव्हीमागे मंद दिवा असावा, पडदा खिडकीच्या समोर येऊ नये. आणि दुकानात झगमगाटासाठी ठेवलेली भडक प्रकाशाची मांडणी घरी आल्यावर बदलून घ्यावी; बहुतेकांना ती बदलता येते हेच माहीत नसते.

किती वेळ पाहावे, याचे उत्तर टीव्हीच्या आकाराने बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, दोन ते चार वयात दिवसाला फार तर एक तास. मोठा टीव्ही हॉलमध्ये असण्याचा एक फायदा मात्र आहे: मूल काय पाहते आहे ते सगळ्यांना दिसते. झोपायच्या खोलीतल्या टीव्हीबद्दल तसे म्हणता येत नाही.

राहता राहिला तो जुना संच. तो आतल्या कपाटावर चढवू नये, माळ्यावरही ठेवू नये आणि भंगारवाल्याला फोडायला तर अजिबात देऊ नये; नळीच्या जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते. २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत टीव्ही समाविष्ट आहे आणि जुन्या उपकरणांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवा टीव्ही घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: जुना नेणार का, आणि खोक्यात पट्टा आहे का. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले तर तो तिथेच मागून घ्यावा.